रानवाटेवर गाड्यांचा गट: रुतलेल्या गाडीला ओढण्याआधी आपण काय ठरवतो?

पाणंद | ६ जुलै, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. गेल्या रविवारचा एक प्रसंग डोळ्यांसमोरून हलत नाही, म्हणून हा धागा काढतो आहे.

आम्ही पुण्याचे अकरा जण चार फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनचा जोर मिळणाऱ्या) गाड्या आणि तीन मोटारसायकली घेऊन पौडच्या पुढे मुळशीच्या अंगाला असलेल्या एका कच्च्या वाटेवर गेलो होतो. सकाळी चांदणी चौकातून निघालो तेव्हा आभाळ उघडे होते. साडेदहाच्या सुमारास सर आली आणि तासाभरात तांबड्या मातीची ती वाट लोण्यासारखी झाली. तिसऱ्या क्रमांकाची गाडी उतार संपल्यावरच्या खोलगटात रुतली आणि तिची चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, मातीवर टेकली.

सगळेच एकदम मदतीला धावले. एकाने पट्टा काढला, दुसऱ्याने तो रुतलेल्या गाडीच्या पुढच्या कडीला शॅकलने (पट्टा अडकवायच्या लोखंडी आकड्याने) जोडला आणि तिसऱ्याने ओढणाऱ्याला “जोरात घे” म्हणून सांगितले. दोन झटक्यांत गाडी हलली नाही. तिसऱ्या झटक्याला ती कडी मुळापासून तुटली आणि शॅकलसकट उडून ओढणाऱ्या गाडीची मागची काच फोडून आत गेली. चालकाशेजारी बसलेल्या मित्राच्या कानाजवळून जाऊन ती डॅशबोर्डवर आदळली. तिथे पडलेला खळगा मी नंतर बोटांनी चाचपून पाहिला, तो अंगठ्याच्या पेराएवढा खोल आहे.

मदत करण्याच्या कोणाच्याही इच्छेत खोट नव्हती आणि तरीही त्या मदतीपायीच एक माणूस जाता जाता वाचला. म्हणून विचारतो की आपापल्या गटात निघण्यापूर्वी तुम्ही नेमके काय ठरवता? गाडी अडकल्यावर शब्द कोणाचा चालतो? आणि नवख्यांना बरोबर न्यावे की नाही?

कोथरूडची_अनघा | ६ जुलै, रात्री १०.३२

बाकी सगळे नंतर बोलू, पण आधी सांगा की तुमच्या मित्राला डॉक्टरांनी तपासले का?

पाणंद | ६ जुलै, रात्री १०.४०

हो ताई. मानेत काचेचे बारीक तुकडे रुतले होते, ते पौडला काढून घेतले आणि पुण्यात आल्यावर पुन्हा तपासणी केली. तो आता बरा आहे, पण गाडीत बसायला अजून मन घेत नाही असे म्हणतो.

पाना_पक्कड | ७ जुलै, सकाळी ७.०५

मी तीस वर्षे गाड्या दुरुस्त करतो आहे. पाणंद, तुम्ही सांगता त्या वर्णनावरून ती कडी ओढण्यासाठी नव्हतीच असे वाटते. गाडी कारखान्यातून ट्रेलरवर किंवा जहाजावर चढवताना ती हलू नये म्हणून बांधून ठेवण्यासाठी अनेक गाड्यांना खालच्या बाजूला एक पातळ कडी दिलेली असते आणि ती झटका सोसण्यासाठी बनवलेलीच नसते. ओढण्याची जागा चेसिसला जाड बोल्टांनी धरलेली असते आणि गाडीबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत ती कोठे आहे ते दाखवलेले असते. प्रत्येकाने आपल्या गाडीखाली एकदा टॉर्च घेऊन जावे, ती जागा बघून यावी आणि तिच्यावर रंगाचा ठिपका द्यावा. पावसात, चिखलात गुडघे टेकून शोधताना माणूस जी कडी आधी हाताला लागेल तीच धरतो. ट्रेलर जोडण्याचा जो गोळा असतो त्यालाही पट्टा कधीच अडकवू नये, कारण तो तुटला तर तोफेच्या गोळ्यासारखाच सुटतो.

आता पट्ट्याविषयी. झटका देऊन काढण्याचा पट्टा नायलॉनचा असतो, तो ओढ बसली की सुमारे पाचवा हिस्सा लांब होतो आणि पुन्हा आखडताना रुतलेल्या गाडीला बाहेर खेचतो. न ताणणाऱ्या पट्ट्याने किंवा साखळीने झटका दिला तर सगळा भार एका क्षणात कडीवर येतो. ताणणाऱ्या पट्ट्यालाही मर्यादा आहे. ओढणाऱ्या गाडीचा वेग ताशी दहा किलोमीटरऐवजी वीस केला की तिच्यातली ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते. म्हणून “जोरात घे” हे शब्द त्या जागी कोणी उच्चारूच नयेत. दोन पट्टे जोडायचे असतील तर मध्ये शॅकल घालू नये. एकाचा फास दुसऱ्यातून ओवून घ्यावा आणि तो आवळून बसू नये म्हणून मध्ये गुंडाळलेले मासिक ठेवावे.

शॅकल घेताना तिच्यावर कोरलेला भाराचा आकडा पाहावा. पाऊण इंची बो शॅकलवर तो साधारणपणे ४.७५ टन असतो. आकडाच नसलेली शॅकल कितीही चकचकीत असली तरी ती ओढकामाला घेऊ नये. पट्ट्याच्या मध्यावर ओले गोणपाट किंवा जाड जाजम टाकावे, म्हणजे तुटलाच तर तो खाली पडतो. बघ्यांनी पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट दूर उभे राहावे. नऊ मीटरचा पट्टा असेल तर तेरा-चौदा मीटर, आणि तेही ओढीच्या रेषेत कधीच नाही. दोन्ही गाड्यांत चालकाखेरीज कोणीही बसू नये. तुमचा मित्र त्या गाडीत असायलाच नको होता.

आणि या सगळ्याच्या आधी फावडे. चेसिस टेकलेली गाडी ओढणे म्हणजे जमिनीत रोवलेला खुंट ओढणे आहे. चाकांपुढची माती उकरावी, पोटाखालचा चिखल काढावा, टायरची हवा वीस पीएसआयच्या (हवेच्या दाबाचे एकक) आसपास आणावी आणि चाकाखाली फळ्या किंवा चपटे दगड द्यावेत. पंधरा-वीस मिनिटांच्या या कामानंतर निम्म्याहून अधिक गाड्या पट्टा न लावता निघतात, हा माझा अनुभव आहे. हवा कमी केलेल्या टायरवर डांबरी रस्त्याने वेगात मात्र घरी जाऊ नये, म्हणून कॉम्प्रेसर बरोबर हवाच.

जुना_चालक | ७ जुलै, सकाळी ९.२०

पाना_पक्कड यांनी साधनांविषयी सांगितले ते प्रत्येक गटाने छापून गाडीत ठेवावे इतके मोलाचे आहे. मला माणसांविषयी सांगायचे आहे, कारण पाणंद यांच्या प्रसंगात कडी तुटण्याच्या आधी शिस्त तुटलेली दिसते. तीन माणसांनी तीन निर्णय घेतले आणि ते परस्परांना ठाऊक नव्हते.

आमच्या गटात निघण्यापूर्वी दोन माणसे ठरतात. पुढे जाणारा म्हणजे लीड आणि सर्वांत शेवटी राहणारा म्हणजे स्वीप. लीडला वाट ठाऊक असावी लागते. स्वीपला त्याहून अधिक काही असावे लागते: त्याच्याकडे पट्टा, हवेचा पंप, औषधांची पेटी आणि धीर असावा लागतो. म्हणून आम्ही सर्वांत अनुभवी माणूस मागे ठेवतो. पुष्कळ गटांत तो पुढे असतो आणि अडचण मात्र मागे घडते.

दुसरी रीत वळणाची. फाटा आला की लीडच्या मागचा माणूस तेथे थांबतो आणि स्वीप दिसेपर्यंत जागा सोडत नाही. मग तो स्वीपच्या पुढे लागतो आणि पुढच्या फाट्यावर त्या वेळी दुसऱ्या क्रमांकावर असलेला थांबतो. मोबाइलची रेंज नसली, वॉकीटॉकी बंद पडला, धुके उतरले तरी कोणी चुकत नाही. यात एकच पथ्य आहे की थांबलेल्याने “आता बहुतेक सगळे गेले असतील” असे ठरवून निघायचे नाही. याशिवाय प्रत्येकाने आपल्या मागच्याचे दिवे आरशात दिसत आहेत का ते पाहत राहावे. ते दिसेनासे झाले तर थांबावे, म्हणजे पुढचाही थांबतो आणि निरोप न पाठवता तो लीडपर्यंत पोहोचतो.

गाडी अडकली की त्या जागेचा ताबा एकाच माणसाकडे जातो. आमच्याकडे तो स्वीप असतो. तो सांगेपर्यंत कोणी पट्ट्याला हात लावत नाही, आणि नको वाटेल त्याला “थांबा” म्हणण्याचा अधिकार मात्र सर्वांना असतो, अगदी पहिल्यांदा आलेल्यालाही.

उंच_चढ | ७ जुलै, दुपारी १.४८

वरील दोन्ही प्रतिसाद पटले, पण मूळ प्रश्नातला तिसरा भाग बाजूला राहतो आहे. माझे स्पष्ट मत आहे की पावसाळ्यात नवख्यांना नेऊच नये. गटातला एक जण अडकला की इतर दहा जण उघड्यावर, निसरड्या उतारावर ताटकळतात आणि घाईत चुका होतात. ज्याला फोर हाय आणि फोर लो (चारही चाकांना जोर देणारे वेगाचे आणि संथ, जास्त ओढीचे गिअर) यांत काय फरक आहे आणि कोणते केव्हा लावायचे हे सांगता येत नाही, त्याने आधी डिसेंबर-जानेवारीत कोरड्या मुरमावर चार फेऱ्या कराव्यात. माणूस शिकेपर्यंत थांबणे यात त्याचा अपमान नाही.

धुळीचा_वास | ७ जुलै, दुपारी ३.१०

मी मोटारसायकलवाला आहे आणि मोटारींबरोबर एकाच रांगेत दुचाकी नेण्याला माझा विरोध आहे. मोटारींनी पाडलेल्या खोल चाकोऱ्यांत दुचाकीचे पुढचे चाक अडकते. शिवाय उतारावर मोटार घसरली तर पुढच्या दुचाकीस्वाराला पळायलाही जागा नसते. एकत्र जायचेच असेल तर दुचाक्या आधी सोडाव्यात आणि त्या पुढच्या टप्प्यावर पोहोचल्याचा निरोप आल्यावर मोटारी हलाव्यात.

दुचाकीस्वाराला मदत करतानाही पुष्कळ चुका होतात. रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४५० या मोटारसायकलचे वजन १९६ किलो आहे आणि ती पडली की दोघे तिघे धावून हँडल, सीट, सायलेन्सर मिळेल ते धरून ओढतात. सायलेन्सरने तळहात भाजतो आणि उतारावर गाडी दुसऱ्या बाजूला उलटते. आधी माणूस पाहावा. त्याचा पाय खाली अडकला आहे का हे विचारावे. मग इंजिन बंद करावे, गाडी गिअरमध्ये आहे याची खात्री करावी आणि उजवीकडे पडली असेल तर आधीच साइड स्टँड उघडून ठेवावा. त्यानंतर गाडीला पाठ लावून, गुडघे वाकवून, एक हात हँडलवर आणि दुसरा मागच्या पकडीवर ठेवून पायांच्या ताकदीने मागे मागे चालत उठवावी. कंबरेने उचलायला गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी स्वतः उठत नाही.

भातखाचर | ७ जुलै, रात्री ८.५५

मी मुळशी तालुक्यातला शेतकरी आहे. आपण सर्व जण काळजीने लिहीत आहात म्हणून मीही मनातले लिहितो, राग मानू नये.

तुम्ही ज्याला ट्रेल म्हणता ती आमची शेतावर जायची वाट आहे. आषाढात आमची लावणी चालू असते. समोर गाडी रुतली की मागच्या गाड्या बाजूने वाट काढतात आणि वळायला जागा नसली की चाक खाचरात घालतात. खाचराचा बांध हातभर उंच असतो, तुमच्या गाडीला तो जाणवतही नाही. पण बांध फुटला की वरच्या खाचरातले पाणी गाळासकट खालच्या खाचरात उतरते, वरची रोपे उघडी पडतात आणि खालची गाळाखाली जातात. तो बांध पुन्हा घालायला दोन माणसांचा दिवस जातो आणि लावणीच्या दिवसांत दुप्पट मजुरी देऊनही माणूस मिळत नाही.

गेल्या पावसाळ्यात मी माझ्या ट्रॅक्टरने चौदा गाड्या ओढून काढल्या. मी कोणाकडे पैसे मागितले नाहीत, पण डिझेल जळते आणि लावणी अर्धी टाकून यावे लागते. काही जणांनी न मागता खिशात पैसे घातले, काहींनी घरी येऊन चहा घेतला आणि नंतर दिवाळीला फराळ घेऊन आले. काहींनी मात्र गाडी बाहेर निघताच काच वर केली. एका गटाला मी सांगितले होते की पुढच्या मोरीचा पाइप खचला आहे, वरून रस्ता दिसतो पण खाली पोकळ आहे. त्यांनी मोबाइलवरचा नकाशा दाखवला आणि ते पुढे गेले. तासाभराने त्यांचाच माणूस चिखलाने भरलेल्या चपला हातात घेऊन माझ्या दारात उभा होता.

माझे म्हणणे एवढेच आहे की वाडीत शिरताना पहिल्या घरापाशी थांबा आणि विचारा. ओढ्याला पाणी किती वेळात चढते, कोणता उतार पावसात सुटतो, कोणाच्या शेतात लावणी चालू आहे, हे आम्हाला ठाऊक असते. तुमच्या गटात आम्हालाही धरा.

जुना_चालक | ७ जुलै, रात्री ९.३०

भातखाचर दादा, तुमच्या लिहिण्याचा राग कशाला मानायचा? आमच्या गटाकडूनही एकदा असा बांध फुटला होता आणि आम्ही न सांगता निघून आलो होतो. ते चुकीचे होते. यापुढे फावडे आधी बांधासाठी निघेल आणि मजुरीची रक्कम गटाच्या वर्गणीतून दिली जाईल, असे मी माझ्यापुरते येथे लिहून ठेवतो.

माळावरचा | ८ जुलै, सकाळी ६.५०

भातखाचर यांच्या मुद्द्याला जोडून पुण्याच्या पूर्वेकडचेही सांगतो. पश्चिमेकडे चिखल फार म्हणून पुष्कळ गट सासवड, सुपे, दौंडच्या बाजूला माळरानावर जातात आणि माळ म्हणजे मोकळी, पडीक जागा आहे असे समजून वाट सोडून कोठेही गाडी घालतात. तो माळ रिकामा नसतो. माळटिटवी, धाविक आणि चंडोल हे पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. मी एकदा चार पावलांवर उभा राहूनही माळटिटवीची अंडी ओळखू शकलो नव्हतो, कारण ती मुरमाच्या खड्यांसारखीच ठिपकेदार होती. पक्षीण लंगडत लंगडत मला दुसरीकडे नेऊ पाहत होती, तेव्हा खाली पाहिले. चालत असताना हे कळले, गाडीतून कधीच कळले नसते. याच माळांवर लांडगेही पिले वाढवतात.

सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे आहे आणि १९९७ मध्ये ते मुख्यतः चिंकारांसाठी जाहीर झाले. अभयारण्यात आणि राखीव वनात परवानगीवाचून गाडी घालणे हा गुन्हा आहे. ताम्हिणीच्या बाजूलाही अभयारण्य आहे, तेव्हा वाट ठरवतानाच वन खात्याची हद्द पाहून घ्यावी. जुनी बैलगाडीची चाकोरी असेल तर तीच धरावी. समोर डबके आले तर बाजूने नवी वाट पाडू नये, कारण एका पावसाळ्यात तिचा ओहोळ होतो.

कोथरूडची_अनघा | ८ जुलै, सकाळी १०.१५

उंच_चढ, आपल्या मताचा आदर ठेवून मी असहमती नोंदवते. मी स्वतः तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यातच शिकले आणि मला सांभाळून घेणारे लोक भेटले म्हणूनच शिकले.

वेल्ह्याच्या पुढे केळदच्या बाजूला एक चढ होता. माझी गाडी दोन तृतीयांश चढली आणि चारही चाके जागच्या जागी फिरू लागली. त्या क्षणी मनात आले की गाडी वळवावी आणि तोंड खाली करून उतरावे. मी स्टिअरिंग वळवायला घेतलेही होते. वाट दाखवायला वर उभ्या असलेल्या एका काकांनी मूठ वर करून धरली. ती खूण निघण्यापूर्वी सर्वांना शिकवली होती: मूठ म्हणजे जागच्या जागी थांब. मी ब्रेक दाबून थांबले. ते खिडकीपाशी आले आणि शांतपणे म्हणाले, “ताई, चाके सरळ करा. रिव्हर्स गिअर टाका, फोर लोमध्येच. आता क्लच सोडा आणि पाय क्लचपासून दूर ठेवा. गाडीच तुम्हाला खाली नेईल.” मी सरळ रेषेत मागे उतरले. निसरड्या चढावर गाडी आडवी केली असती तर ती कुशीवर गेली असती, हे मला खाली आल्यावर समजले.

त्या दिवशी दोन गोष्टी आधीच ठरलेल्या होत्या म्हणून मी वाचले. चढावर एका वेळी एकच गाडी असेल, त्यामुळे माझ्या मागे कोणी नव्हते. आणि खुणा करणारा एकच माणूस असेल, इतर सर्व जण गप्प राहतील. पाच जण पाच बाजूंनी “डावीकडे, उजवीकडे” ओरडत असतील तर चांगला चालकही गोंधळतो. म्हणून मला वाटते की नवखा माणूस हा प्रश्नच नाही. आठ गाड्यांत पाच नवखे असतील तर तो प्रश्न आहे. तीन जाणत्यांमागे एक नवखा, आणि तो रांगेच्या मधोमध, एवढे पाळले तर पुढचा जाणता तयार होतो.

उंच_चढ | ८ जुलै, सकाळी ११.४०

अनघाताई, तुमचा अनुभव वाचून मी माझे मत थोडे बदलतो. तीन जाणत्यांमागे एक हे प्रमाण मला मान्य आहे. परंतु सतत पाऊस कोसळत असताना आणि वाटेत ओढा असताना नवखा नको, या मतावर मी अजून ठाम आहे.

ओढ्याकाठी | ८ जुलै, दुपारी २.०५

ओढ्याचा विषय निघाला म्हणून लिहितो. फोर बाय फोर गाड्यांपैकी महिंद्राच्या थारसाठी ६५० मिलिमीटर आणि फोर्सच्या गुरखासाठी ७०० मिलिमीटर पाण्यातून जाण्याची मर्यादा कंपन्या सांगतात. पुष्कळ जण हा आकडा वाहत्या पाण्यालाही लावतात. तो साचलेल्या, तळ ठाऊक असलेल्या पाण्याचा आकडा समजावा. वाहते पाणी गाडीला बाजूने ढकलते आणि खालून उचलतेही. फूटभर वेगवान पाणी लहान मोटार वाहून नेऊ शकते, दोन फूट पाण्यात बहुतेक गाड्यांचा भरवसा राहत नाही.

सह्याद्रीचा ओढा किती लवकर चढतो हे आपण पाहिलेले आहे. २०२४ च्या जुलैअखेरीस ताम्हिणीत एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला आणि पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या सोसायट्यांत पाणी शिरले. त्याच वर्षी ३० जूनला लोणावळ्याला भुशी धरणाच्या वरच्या बाजूला एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यांच्या पायांखालचे पाणी काही क्षणांपूर्वी खेळण्याजोगे होते.

आमची रीत अशी आहे की जो ओढा काठी घेऊन चालत ओलांडता येत नाही तो गाडीने ओलांडायचा नाही. पाण्याचा रंग एकाएकी गढूळ झाला, काटक्या-पाचोळा वाहून येऊ लागला, तर वर पाऊस झाला आहे असे समजून मागे फिरायचे. जायचेच ठरले तर काचा खाली, गिअर आधीच निवडलेला, चाल संथ आणि मध्ये क्लच दाबायचा नाही. इंजिन पाण्यात बंद पडले तर पुन्हा स्टार्टर मारू नये. सिलिंडरमध्ये पाणी गेलेले असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिनच उघडावे लागते. पलीकडे गेल्यावर ब्रेक दोन-चार वेळा हलके दाबून वाळवून घ्यावेत.

रुग्णसेविका | ८ जुलै, रात्री ८.२०

मी एका ग्रामीण रुग्णालयात काम करते. आपल्यासारख्या गटांतून येणाऱ्या जखमींत मला सर्वाधिक दिसतात ती विंचच्या (गाडीवरच्या ओढयंत्राच्या) तारेने किंवा पट्ट्याने चिरडलेली बोटे. हातमोजे घाला, आणि तारेवरून हात सरकू देऊ नका.

रक्तस्राव होत असेल तर स्वच्छ कापड ठेवून सलग दाब द्यावा आणि दर मिनिटाला उचलून पाहू नये. दुचाकीवरून पडलेल्याला श्वास नीट येत असेल तर हेल्मेट ओढून काढू नये आणि मान हलू देऊ नये. साप चावला तर जखम कापणे, चोखणे, घट्ट बांधणे यांत वेळ घालवू नये. तो अवयव हलू न देता लवकरात लवकर प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयात आणावे. रेंज जाण्याआधीच जवळच्या गावाचे आणि रुग्णालयाचे नाव लिहून घ्यावे, कारण १०८ वर फोन लागल्यावर “आम्ही डोंगरात आहोत” एवढेच सांगणारे पुष्कळ भेटतात.

अनोळखी जखमीला मदत केली तर पोलिसांच्या चौकशीत अडकू, ही भीती अजून ऐकू येते. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४-अ आले आहे आणि अपघातात सद्भावनेने मदत करणाऱ्याला त्याने संरक्षण दिले आहे. वाटेत दुसऱ्या गटातला कोणी पडलेला दिसला तरी थांबा.

पाणंद | १४ जुलै, रात्री ९.५०

सर्वांचे मनापासून आभार. मंगळवारी आम्ही अकराही जण भेटलो आणि हा धागा मोठ्याने वाचला. ज्याने “जोरात घे” म्हटले होते तो वाचन चालू असताना उठून बाहेर गेला. थोड्या वेळाने तो परत आला आणि पुढचा स्वीप मला होऊ द्या असे म्हणाला. आम्ही त्याला हो म्हटले. त्याच्याइतकी सावधगिरी आज आमच्यांत कोणाजवळ नाही, हे सर्वांनाच पटले.

काल पुन्हा त्याच वाटेवर गेलो, पण तीनच गाड्या घेऊन. दुचाक्या मुद्दाम नेल्या नाहीत. वाडीतल्या पहिल्या घरापाशी थांबलो. एका आजोबांनी सांगितले की खोलगटात अजून पाणी आहे, पण डाव्या अंगाला खडक लागतो. मी चालत जाऊन काठीने टोचून पाहिले आणि खरोखरच वीतभर चिखलाखाली कातळ होता. तरीही दुसरी गाडी रुतली. मी घड्याळ पाहिले. फावडी काढली, हवा बावीसवर आणली, दोन फळ्या चाकांखाली दिल्या आणि एकानेच खुणा केल्या. तेवीस मिनिटे लागली आणि पट्टा पिशवीतच राहिला.

त्या रविवारी आमच्या शेवटच्या गाडीने तिथला एक बांध दाबला होता, हे मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिले नव्हते. तेव्हा त्याकडे नीट पाहिलेही नव्हते. काल आम्ही सहा जणांनी दगड रचून, माती चोपून तो परत घातला. खाचराच्या मालकीणबाईंनी दोनदा सांगून पुन्हा उकरायला लावला, कारण आम्ही पाणी जायची मोरी बुजवून टाकली होती.

भातखाचर | १४ जुलै, रात्री १०.१२

ती माझी चुलती. तिचा सकाळीच फोन आला होता. बांध बरा झाला आहे, पण वरच्या कडेला अजून दोन पाट्या माती लागेल असे म्हणते. पुढच्या वेळी याल तेव्हा आधी आमच्या घरी या, घमेली आणि कुदळ माझ्याकडून घेऊन जा.